न मारलेली हाक

शाळेने पोलीस बोलावले ते माझ्यामुळे, आणि आलेला पोलीस निघाला माझा बाप.

आमच्या गावात एकूण नऊ पोलीस. त्या दुपारी ड्यूटीवर दोघंच, आणि त्यातला मार्टीकाका कुणाच्या तरी कुंपणात अडकलेलं हरीण सोडवायला गेलेला. मग दुसरं कोण येणार? पण तेव्हा एवढं कुठलं सुचायला. मी पंधरा वर्षांची होते, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये उभी होते, आणि समोर ब्रुक हॅन्लीच्या केसांतून दूध गळत होतं.

ब्रुकच्या भावाला बाबाने आदल्या आठवड्यात पिऊन गाडी चालवताना पकडलेलं. त्यावरून ती सकाळपासून सुरू होती. "ए ओडेट, बापाला सांग, आधी स्वतःचं पोट पट्ट्यात बसव, मग लोकांच्या मागे धाव." सगळं टेबल हसलं. मी दुधाचं खोकं उचललं आणि फेकलं. मग दुसरं फेकलं. तिसरं तिला लागलंच नाही. टेबलाच्या कडेवर आपटून फुटलं आणि दूध खाली पसरलं. आमच्या हॉलची फरशी पांढरट, वर करडे ठिपके. दूध सांडलंय हे तिरकं बघितल्याशिवाय कळत नाही. मला कळत होतं, कारण मी तिरकी उभी होते.

बाबा दारातून आत आला. पूर्ण युनिफॉर्म, टोपी, बुटांना बाहेरचा बर्फ. पोरांनी "ऊऽऽऽ" करून हॉल डोक्यावर घेतला. बाबाने माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं वाकवून 'इकडे ये' अशी खूण केली. बारच्या बाहेर लोळणाऱ्या दारुड्यांना तो तश्शीच खूण करतो. दोनशे पोरांसमोर मला ती खूण.

मी हलले नाही. मग तो माझ्याकडे चालायला लागला. नजर माझ्यावर. आणि आमच्या दोघांच्या मधे ते दूध.

मला दिसत होतं. तो एक पाऊल टाकत होता, दुसरं टाकत होता, आणि मला दिसत होतं की हा सरळ त्यात जाणार. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी नाही उघडलं. तो मोडावा असं मला नको होतं, देवाशप्पथ. मला तो नुसता घसरायला हवा होता. टोपी पडेल, पोरं त्याला हसतील, म्हणजे मग मला एकटीलाच हसणार नाहीत. एवढंच.

त्याचा पाय गेला आणि तो मागच्या मागे लोखंडी बाकावर आदळला. कमरेवर. पोरं हसली. मला हवी होती तश्शीच हसली. मग तो उठेचना, तेव्हा गप्प झाली.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली आणि मार्टीकाका आला. त्याच्या बाहीला हरणाचे केस चिकटलेले. उपमुख्याध्यापिका हॅस्केलबाई म्हणत होत्या, हिला शाळेतून काढा, हिच्यावर केस करा. मार्टीकाकाने मला त्यांच्या ऑफिसात बसवलं, जबाबाचा कागद पुढे केला आणि दार लोटून घेतलं.

"लिही बाळा. काय झालं ते."

मी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"हे बघ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ही बाई तुला खाऊन टाकेल. तू बापाला सांगितलं असशील ना, की दूध सांडलंय म्हणून? ओरडलीस ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो मान हलवत होता, हळूहळू, वर-खाली. लहान मुलाला घास भरवताना आपण स्वतःच तोंड उघडतो ना, तसं.

"हो," मी म्हटलं.

"मग लिही की ते. चांगलं दिसतं."

मी लिहिलं: *बाबा येताना दिसला तेव्हा मी ओरडले की दूध सांडलंय, बघून ये. पण गोंगाट होता.* खाली सही केली, तारीख घातली. मार्टीकाकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला खरंच वाटत होतं की आपण मित्राच्या पोरीला वाचवलं. आणि वाचवलंच त्याने. हॅस्केलबाईंनी पाच दिवस घरी बसवलं, तेवढ्यावर भागलं. पेन्शनचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात होता? बाबा चाळीस वर्षांचा, बैलासारखा माणूस. महिन्याभरात येईल कामावर, असंच सगळे म्हणत होते.

तो आला नाही. दोन ऑपरेशनं झाली. डावा पाय गुडघ्याखाली बधिर तो बधिरच राहिला. दहा मिनिटांच्या वर ताठ बसता येत नाही, अर्ध्या तासाच्या वर उभं राहता येत नाही. असला पोलीस कुणाला हवाय?

पहिल्या वर्षी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये त्याच्यासाठी पैसे जमवायला स्पॅगेटीचं जेवण ठेवलेलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, कुणाचं घर जळलं की हे ठरलेलंच. निम्मं गाव जेवायला. मार्टीकाकाने माइक हातात घेतला आणि बाबाला आडनावाने हाक मारली. "दुकेट! समोर मीटबॉल आहे! तुझ्या पोरीने तेव्हापण सांगितलेलं, आता तरी बघून पाय टाक!"

हॉलभर हशा. बाबा पण हसला, हात वर करून. बायका येऊन माझी पाठ थोपटून गेल्या. गुणाची पोर. हिने सावध केलेलं बापाला. मी बशीतलं नुसतं चिवडत बसले. त्या दिवसापासून पोलीस स्टेशनात त्याचं नाव पडलं 'बहिरा दुकेट'. हेच लोक त्याला घरून डॉक्टरकडे न्यायचे, आणायचे, आमच्या दारातला बर्फ ओढायचे, आणि हाक मारायचे 'काय रे बहिऱ्या'. तो म्हणायचा, "हं? काय म्हणालास?" आणि सगळे परत हसायचे.

शाळा मी दोन-चार महिन्यांनी सोडली. कारण विचारू नका. त्या हॉलमध्ये बसून मला जेवता येत नव्हतं, एवढंच.

मग पेन्शन खात्याचं पत्र आलं की अपघाताचं पेन्शन मिळणार नाही. त्यावर बाबाने सुनावणी मागितली, तिथेही नाही म्हणाले. तेव्हा झिलिन्स्कीबाई घरी आल्या. सुनावणीला बाबाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकीलबाई. बुटक्या, जाड चष्मा, हातातली पिशवी त्यांच्याहून जड. आईने कॉफी दिली. बाबा फ्रिजला टेकून उभा राहिला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "ड्यूटीवर असताना मोडलात एवढ्याने भागत नाही. कायद्यात अपघात म्हणजे ध्यानीमनी नसताना झालेली गोष्ट. धोका डोळ्यांना दिसत होता, किंवा कुणी आधी सांगितला होता, आणि तरी तुम्ही त्यावर पाय ठेवलात, तर तो अपघात नाही. ती कामातली जोखीम."

"म्हणजे पडलेला माणूस पडलाच नाही?" आई म्हणाली.

"पडले. पण कायद्याने बघाल तर चालता चालता पडले."

"चालतानाच पडतात माणसं! झोपून कोण पडतं?"

"मार्टी पडतो," बाबा म्हणाला.

झिलिन्स्कीबाई हसल्या नाहीत. "दूध पांढरं, फरशी पांढरी, ते दिसत नव्हतं हे खात्याने मान्य केलंय. अडलंय फक्त एका ठिकाणी. तुम्हाला आधी सांगितलं होतं." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी पायातले मोजे बघत बसले.

एक पेन्शन असं की घर चालतं. दुसरं साधं, त्यावर आईला दाताच्या डॉक्टरकडचं काम संपवून संध्याकाळी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहावं लागतं. ती तशी उभी राहतच होती. अर्ज फेटाळला तो माझ्या जबाबामुळे, हे कळलं तेव्हा तिने मला जवळ घेतलं. "तू खरं बोललीस. त्यात तुझं काय चुकलं? खरं बोलणाऱ्याने मान खाली घालायची नाही." गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. माझी पोरगी खरं बोलली, त्याचं आम्ही भोगतोय, पण खोटं बोल म्हणून मी तिला कधी सांगणार नाही. लोक दूध, पाव, सिगरेट घेऊन जायचे, आणि वर माझं कौतुक. टायरच्या दुकानात मी चाकं बदलायला लागले होते, तिथेसुद्धा एक म्हातारा मला म्हणाला, "तुझ्यासारखी पोरं राहिली नाहीत आता." मी त्याच्या चाकाचे नट एवढे आवळले की मालक ओरडला.

झिलिन्स्कीबाईंनी राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीतल्या वरच्या कोर्टात दाद मागितली. त्या कोर्टासाठी सगळे कागद एकत्र करून जाड पुस्तक छापतात, त्याला रेकॉर्ड म्हणतात. त्याची एक प्रत आमच्या स्वयंपाकघरात येऊन पडली. वर टोस्टचे कण, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग. मी ते कधी उघडत नव्हते. एका रविवारी आई-बाबा चर्चला गेले आणि मी उघडलं.

माझा जबाब होताच. माझं तेच वेडंवाकडं अक्षर, छापील. पण मी थांबले ती बाबाच्या सुनावणीच्या पानावर. मला कुणी त्या सुनावणीला नेलं नव्हतं. सरकारी वकील विचारतोय, बाबा शपथेवर उत्तर देतोय.

प्रश्न: तुम्हाला कुणी सावध केलं होतं?

उत्तर: मला काही ऐकू आलं नाही.

प्रश्न: तुमच्या मुलीने त्याच दिवशी लिहून दिलंय की ती ओरडली. ती खोटं बोलतेय का?

उत्तर: नाही. माझी मुलगी खोटं बोलत नाही.

प्रश्न: म्हणजे ती ओरडली.

उत्तर: ती म्हणते ओरडली, तर ओरडली असेल.

पहिल्या आणि दुसऱ्या उत्तराच्या मधे तो किती वेळ थांबला, ते छापत नाहीत. मी ते पान पाच-सहा वेळा वाचलं. हा माणूस अठरा वर्षं लोकांचे जबाब घेत आलाय. कुठलं उत्तर दिलं की पुढे काय होतं हे त्याला कळलं नसेल, असं होऊच शकत नाही. त्याच्या पुढच्याच पानावर झिलिन्स्कीबाई म्हणतायत की मुलीला बोलवू, किती मोठ्याने ओरडली ते विचारू. आणि बाबा म्हणतोय, "माझ्या पोरीला शपथेवर बसवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुकानामागून, टायरच्या ढिगाआडून फोन लावला.

"बाई, मी ओडेट दुकेट. मी ओरडले नव्हते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग, "हे मला दीड वर्षापूर्वी हवं होतं."

"आता सांगतेय ना. कोर्टात येऊन सांगते."

"पोरी, त्या कोर्टात साक्षीदाराला खुर्चीच नाही. ते नवं काही ऐकत नाहीत. खात्याच्या निर्णयाला कागदात आधार आहे की नाही, एवढंच बघतात."

"आणि आहे?"

"आहे. तुझा जबाब आहे, आणि त्यावर वडिलांचं उत्तर आहे."

"मग रेकॉर्डमध्ये दुसरा कागद घाला! लिहून देते मी!"

"रेकॉर्ड बंद झालं. आणि खात्याकडे परत गेले तरी काय म्हणतील? बाप हरल्यावर पोरीने शब्द फिरवला. मी त्यांची वकील असते तर मीही तेच म्हटलं असतं." त्यांनी उसासा सोडला. "गोंगाटात त्यांना ऐकू आलं नाही, एवढंच मला मांडता येईल. तू ओरडलीस असं आता माझ्या तोंडून निघणार नाही. हे वडिलांना मी सांगू की तू सांगतेस?"

"मी."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना!" मी फोन आपटला. मग रागाने रिकाम्या टायरला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

नाही सांगितलं. रोज सांगणार होते. तो फ्रिजला टेकून सँडविच खायचा, मी तोंड उघडायची, आणि तो विचारायचा, "मस्टर्ड देऊ?"

ऑल्बनीला जायचं ठरलं तेव्हा आईला सुट्टी मिळेना. मी म्हटलं मी गाडी चालवते. तीन तासांचा रस्ता, पण आम्हाला पाच लागले. सीट मागे पाडून तो आडवा असला, तरी दर चाळीस मिनिटांनी थांबायचं. मी उतरून त्याच्या बाजूला जायची, तो माझ्या खांद्यावर हात टाकून उतरायचा, गाडीभोवती चार फेऱ्या मारायचा, परत खांदा धरून बसायचा. युनिफॉर्म घालायची परवानगी नव्हती, म्हणून लग्नातला कोट घातलेला. बटण लागत नव्हतं.

"पाच न्यायाधीश आहेत म्हणे," तो म्हणाला. "एवढे तर आमच्या गावात पोलीस पण एकदम दिसत नाहीत."

मी हसले. खूप मोठ्याने हसले. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं.

कोर्टात खरंच साक्षीदाराची खुर्ची नव्हती. उंच टेबलामागे पाच जण, खाली वकिलांसाठी एक उभं टेबल, त्यावर लहानसा दिवा. झिलिन्स्कीबाईंना दहा मिनिटं. त्या दूध, फरशी, गोंगाट, दोनशे पोरं असं सांगत होत्या, तेवढ्यात मधल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. पांढऱ्या केसांच्या बाई, आवाज मऊ.

"वकीलबाई, मुलगी म्हणते तिने सावध केलं. वडील शपथेवर म्हणतात, मुलगी खोटं बोलत नाही. मग आम्ही त्या मुलीवर अविश्वास दाखवायचा कुणाच्या सांगण्यावरून?"

झिलिन्स्कीबाईंनी पुढ्यातलं पान उलटलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांच्या मानेवरून मला कळलं की त्यांना बघावंसं वाटत होतं.

मी उभी राहिले. कशी ते मला माहीत नाही. बाक करकरला. पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं.

"मी..." म्हटलं, आणि पुढचं काही आलंच नाही. इतके महिने तोंडात घोळवलेलं वाक्य, आणि ऐन वेळी एवढंच. बाजूचा शिपाई माझ्याकडे यायला लागला. बाबाने माझी बाही धरली, स्वतः धडपडत उठला आणि शिपायाला म्हणाला, "तिला मळमळतंय. गाडी लागते तिला. बाहेर नेतो."

कुणीतरी खोकलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सावकाश घेऊन जा." आणि आम्ही दोघं त्या सगळ्यांसमोरून दारापर्यंत गेलो. तो लंगडत, मी त्याच्या बाहीला लोंबकळत. माझी कानशिलं जळत होती. स्वतःची केस अर्धी टाकून तो मला सांभाळायला बाहेर आला होता, तेही खोटं बोलून.

बाहेर लांबलचक व्हरांडा. त्याने मला बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकला.

"पाणी आणू?"

"बाबा, मी ओरडले नव्हते."

"माहितीये."

"माहितीये?"

"अगं, मी तिथेच होतो ना. कान माझेच होते."

"मग तू असं का सांगितलंस त्यांना? एवढा सगळा..."

"मग काय सांगायचं? माझी पोरगी खोटारडी आहे? सरकारी टाइपरायटरवर?" त्याने पाय बदलला. "हे बघ ओडी. पंधरा वर्षांची होतीस. बाप खाली पडलेला, मार्टी कागद घेऊन समोर. दूध तुला दिसलंच नव्हतं. मग वाटलं, दिसायला हवं होतं. म्हणून लिहून टाकलंस. लोक असं करतात. मी शेकड्यांनी बघितलेत असे. त्याला मी खोटं म्हणत नाही."

त्याने माझ्यासाठी सगळं रचून ठेवलं होतं. दोन वर्षं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं, मार्टीकाकापुढे म्हटलं तसं. तिथे ऊब होती. माझा बाप मला माफ करून बसला होता, मी न मागता. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला येतं.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"दूध. मला दिसलं होतं. तू दारात होतास तेव्हाच."

तो भिंतीपासून सरळ झाला.

"तू सगळ्यांसमोर मला ती बोटांची खूण केलीस. मला राग आला. मी म्हटलं, घसरू दे. नुसता घसरू दे."

व्हरांड्यातून दोन वकील हसत गेले. ते वळेपर्यंत तो थांबला.

"किती पावलं?" त्याने विचारलं. तो आवाज मी ओळखते. पण घरात कधी ऐकला नव्हता.

"दहा. बारा असतील."

"बारा."

त्याने माझ्याकडे बघितलं. बारबाहेरच्या माणसांकडे तो कसा बघतो ते मी लहानपणापासून गाडीच्या काचेतून बघत आलेय. राग नसतो त्यात. फक्त बघून घेतो, हा माणूस काय आहे ते.

"चल," तो म्हणाला. "झिलिन्स्कीबाई शोधत असतील."

परत येताना मी दर चाळीस मिनिटांनी थांबले. उतरून त्याच्या बाजूला गेले. तो गाडीचं दार धरून, छताला धरून स्वतःच उतरला. चौथ्यांदा मी गेलेच नाही, बसून राहिले.

निकाल सहा आठवड्यांनी आला. झिलिन्स्कीबाईंनी पाठवला, आईने दाताच्या डॉक्टरच्या मशीनवर छापून आणला. दोनच पानं. संध्याकाळ होती, आईला दुकानात जायचं होतं, ॲप्रन घालूनच उभी होती.

"वाचा कुणीतरी. माझा चष्मा गाडीत राहिलाय."

"ओडेट वाचेल," बाबा म्हणाला. ऑल्बनीनंतर त्याने मला ओडी म्हटलं नव्हतं.

मी वाचायला लागले. कायद्याची भाषा, अडखळत वाचलं. अर्जदाराने काय मागितलं, खात्याने काय ठरवलं. मग आलं: अर्जदाराच्या मुलीने घटनेच्याच दिवशी दिलेल्या लेखी जबाबानुसार तिने अर्जदाराला सांडलेल्या दुधाबद्दल सावध केलं होतं, आणि मुलीच्या सच्चेपणाबद्दल अर्जदारानेही शंका घेतलेली नाही. सबब खात्याच्या निर्णयाला पुरेसा आधार आहे. अर्ज फेटाळण्यात येतो.

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "ठीक आहे. गेलं तर गेलं. पण बघ, कोर्टानेसुद्धा लिहिलं. माझी पोरगी..."

"आई, मी ओरडले नव्हते."

"काय?"

"मला दूध दिसलं होतं आणि मी गप्प बसले. जबाब खोटा आहे."

आई बाबाकडे वळली. "हिला काय झालंय, रोलंड? बोल ना."

त्याने दोनदा मला झाकलं होतं. तिसऱ्यांदाही झाकेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, मी त्याचीच वाट बघत होते.

"तिला बोलू दे," तो म्हणाला.

मी बोलले. आई ॲप्रनची नाडी हातात धरून ऐकत राहिली. संपलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग मी गावभर काय सांगत फिरले?"

"मी सांगते सगळ्यांना. आत्ता येते तुझ्याबरोबर, दुकानात उभी राहून..."

"तू कुठे येत नाहीस." तिने चाव्या उचलल्या. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "मला आता तीन तास त्या लोकांशी बोलायचंय."

गाडी गेल्याचा आवाज आला. मी तिथेच उभी. बाबाने निकालाची पानं माझ्या हातातून घेतली, पालथी घातली. मागची बाजू कोरी होती. त्याने ड्रॉवर उघडून पेन शोधलं, एक चालेना, दुसरं काढलं, आणि टेबलावर वाकला. बसून लिहिणं त्याला जमत नाही.

"कशाला आता?" मी म्हटलं. "कोण वाचणार?"

"तारीख सांग."

मी सांगितली.

"वेळ."

"जेवणाची सुट्टी. पावणेबारा."

"पुढे. मार्टीला सांगितलंस तसं नाही."

मी सांगायला लागले. ब्रुक, खोकी, फरशी. तो मान वर न करता लिहीत होता, मधेच 'हळू' म्हणत होता. मी दारापर्यंत आले, त्या खुणेपर्यंत आले, पावलांपर्यंत आले. म्हटलं, मी तोंड उघडलं नाही. मुद्दाम.

त्याचं पेन थांबलं. मग त्याने तोही शब्द लिहिला.